न दुखणारा हात

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. फुंकरबाबाने पोरीच्या भाजलेल्या हातावर तीनदा फुंकर मारली, दाभणाएवढी सुई उचलली आणि थेट जखमेत टोचली. नऊ वर्षांची पोर, पण हूं की चूं नाही.

"बघा! विस्तव मी गिळला!" बाबाने ढेकर दिली. "दुखतंय का, बाळ?"

"नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात वाजवत होता तो तिचा बाप. त्याची लाँड्री होती. सहा दिवसांपूर्वी कपडे दाबायच्या तापलेल्या यंत्रात लेकीचा हात सापडला. तो दवाखान्याकडेच निघाला होता, पण त्याची थोरली बहीण आडवी आली. "तिथे सोलून काढतात रे! बाबांपाशी सुई टोचली तरी कळत नाही." तेव्हापासून रोज फुंकर, रोज सुई. पोर फारशी रडत नव्हती, म्हणून बाप निर्धास्त होता.

"आणखी एकदा टोचा," मागून एक बाई म्हणाली. ती जळीत विभागातली सिस्टर होती. भाजलेले लोक उशिरा का येतात आणि पुढे त्यांचं काय होतं, याचा तिथले डॉक्टर अभ्यास करत होते. उशीर का झाला विचारलं, की जो तो याच सभागृहाचा पत्ता सांगायचा. "मधे पांढरं पडलंय तिथे नको. कडेला लाल आहे ना, तिथे."

"विस्तवाचं तोंड मधे असतं, बाई!"

"मग कडेला टोचायला भिता कशाला?"

बाबा सुई पुसत बसला. सिस्टरने ओला कापूस लाल कडेला नुसता टेकवला. पोर किंचाळली.

"या बाईच्या नजरेने विस्तव परत आला!" बाबा गरजला.

"परत कुठला येतोय? तिथली कातडी जिवंत आहे, म्हणून ओरडली." सिस्टर बापाकडे वळली. "दादा, मधली कातडी मेलीय. दुखल्याची खबर देणाऱ्या नसाच जळल्यात. वरवर भाजलं की ठणकतं, खोल भाजलं की कळतच नाही. हा बरोब्बर मेलेली जागा हेरून टोचतो. आणि सगळ्यांना तीच सुई."

बापाने पोरीला उचलून कडेवर घेतलं.

"अहो बाई, आमचा नंबर खोळंबलाय!" रांगेतून कोणीतरी खेकसलं.

"पुढचा!" बाबा म्हणाला. पुढचा गेलासुद्धा.

दवाखान्यात पाहिलं, तर पोरीच्या हातात पू भरला होता. तीन बोटं काढावी लागली.

"पहिल्याच दिवशी आणली असती तर?" बापाने विचारलं.

सिस्टरने खोटा धीर दिला नाही. "बोटं बहुतेक राहिली असती." तिने अभ्यासाचा कागद पुढे ओढला. "उशिराचं कारण काय लिहू?"

"लिहा, पोर रडत नव्हती म्हणून."

तेव्हा बाबांनो, बायांनो, एवढं कराच. भाजलं की लगेच वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, वर स्वच्छ कापड आणि सरळ दवाखाना. आणि खोल भाजूनही दुखत नसेल, तर हात जोडत बसू नका. धावत सुटा.