हात बाजूला

मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या यंत्रावर तिने बावीस वर्षं काढली होती. आज तिला सख्ख्या भावाच्या डोक्याला तारा चिकटवाव्या लागल्या, कारण दुसरा तंत्रज्ञ नेमका रजेवर होता. पाच दिवस दादा शुद्धीवर नव्हता. आजची रेषा सपाट आली, तर श्वासाचं यंत्र काढण्याचं बोलणं सुरू होणार होतं. तिने मनातल्या मनात हजारदा विनवलं, एकदा तरी हल रे बाबा.

दादा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा आणि जेवताना तिचं डोकं खायचा. "काय गं यंत्रबाई, बघणाऱ्याला वगळून काही बघता येतं का?"

"येतं. हात बाजूला ठेवायचा. तुम्हा लोकांना तेवढंच जमत नाही."

त्यावर तो ठसका लागेपर्यंत हसायचा.

आता तिने त्याच्या कानाशी टाळी वाजवली, नखावर पेन दाबलं, हाक मारली. "दादा!" नियमाने तीनदा मारायची, तिने किती मारल्या देव जाणे. रेषा ढिम्म. शेवटी बारीकात बारीक हालचालही दिसावी म्हणून तिने यंत्र शेवटच्या टप्प्यावर नेलं आणि हताश होऊन उशीवर हात टेकला.

रेषा हलली. पुन्हा हलली. इवलीशी, पण लयीत.

"वहिनी! आहे गं, दादा आहे!"

दाराशी उभी असलेली वहिनी धावत आली आणि पडद्याकडे बघून ओक्साबोक्शी रडू लागली.

पण मेली अक्कल अशा वेळी गप्प बसेल तर ना! ती लय तिला ओळखीची वाटली. दुसरा हात तिने स्वतःच्या गळ्याला लावला. इथे ठोका, तिथे लहर. उशीवरच्या तळव्याखाली तारांचा जुडगा होता. नवीन आलेल्यांना पहिल्याच दिवशी ती हीच चूक करून दाखवायची.

तिने हात उचलला. रेषा सपाट झाली.

"काय झालं गं?"

"ती माझी नाडी होती, वहिनी. दादाचं त्यात काहीच नव्हतं."

वहिनी पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग ठेव ना हात परत."

तिने ठेवला. दोघी मिनिटभर त्या लहरी बघत बसल्या. मग नियमाप्रमाणे तिने रेषेच्या तेवढ्या तुकड्याखाली नोंद केली, 'लहर तंत्रज्ञाची', आणि हात बाजूला घेतला.