घोंगडीचा दृष्टांत

शिनोलीच्या सावळाराम अण्णांचा पाय कसा गेला, हे तळेघरपासून मंचरपर्यंत कुणालाही विचारा, सांगेल. पण सांगेल ते कुशाबा महाराजांच्या कीर्तनात ऐकलेलं. डोळ्यांनी बघितलेले आम्ही मोजकेच. त्यातला मी एक टाळकरी.

तळेघरच्या वर, जिथं एसटी जात नाही अशा एका वाडीत दर श्रावणात सप्ताह बसतो. घरं थोडी, मंडप म्हणजे बांबूवर टाकलेली ताडपत्री. पण तिथं उभं राहिलेलं कीर्तन मी मोठमोठ्या गावांत पाहिलं नाही. भाताच्या खाचरातून गुडघाभर चिखल तुडवत आलेली माणसं तशीच ओल्या अंगानं बसतात आणि डोळे मिटून ऐकतात. सावळाराम अण्णा तिथले विणेकरी. वीणा गळ्यात घेतली की बसायचं नाही, टेकायचं नाही. अण्णा रात्र रात्र उभे असायचे, समईसारखे.

नव्याण्णव सालच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी सकाळी जमिनीला ओल सुटली होती. म्हस्कू धनगरानं आपल्या खांद्यावरची काळी घोंगडी काढून महाराजांच्या पायांखाली अंथरली. स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची, त्याच्या बायकोनं, बानूबाईनं, सूत काढलेली. महाराज तिच्यावर उभे राहून दोन तास बोलले. कीर्तन संपल्यावर अण्णांनी त्या घोंगडीला डोकं टेकवलं, हे मी पाहिलंय.

दुपारी आम्ही परत निघालो. महाराज, अण्णा आणि आम्ही टाळकरी पप्पूच्या भाड्याच्या जीपमध्ये, आणि पुढं अण्णांचा मुलगा दादाभाऊ त्याच्या जीपमध्ये स्वयंपाकाची भांडी घेऊन. दादाभाऊची जीप लष्कराच्या लिलावातली, चारी चाकांना जोर असणारी. लोक तिला मिल्ट्रीच म्हणायचे. पावसाळ्यात डोंगरात कुणाची गाडी रुतली की दादाभाऊला निरोप जायचा. त्या दिवशी ओढ्याच्या अलीकडे पप्पूची जीप घसरली आणि खाचरात बसली. अण्णा आणि महाराज उतरून बांधावर उभे राहिले. वाटेला लावायला आलेला म्हस्कूही होताच.

दादाभाऊ मिल्ट्री मागं घेत आला. घाई त्याच्या अंगात नव्हतीच. आधी त्यानं पप्पूच्या जीपचा हूक हातानं हलवून बघितला आणि हा कुणी बसवलाय म्हणून विचारलं. पप्पू म्हणाला, नवीनच वेल्डिंग केलंय, बिनधास्त ओढा. दादाभाऊला ते पटलं नसावं. त्यानं खाली वाकून चासीला रोप अडकवायला जागा शोधली, पण जीप पोटापर्यंत चिखलात होती. शेवटी हुकालाच वायररोप लावला. मग त्यानं पप्पूला बॉनेट उघडून ठेवायला लावलं, रोप सुटलाच तर काच फुटून तोंडावर येऊ नये म्हणून. आणि आम्हा सगळ्यांना लांब पाठवलं. रोपाची लांबी असेल त्याच्याही पलीकडं.

आमच्यातल्या भागूनं विचारलं, "काय राव, गाडी काढतोय का सुरुंग लावतोय?"

आम्ही हसलो. दादाभाऊ हसला नाही. तो म्हणाला, वायररोप दिसतो लोखंडाचा, पण ताणला की त्यात जीव येतो. सुटला तर माघारी येतो, आणि येताना कुणाची ओळख ठेवत नाही. रोपावर मधोमध काहीतरी ओलं, वजनाचं टाकायचं म्हणजे सुटला तरी तो जागीच पडतो. त्याचं नेहमीचं पोतं भांड्यांखाली अडकलं होतं. तेवढ्यात म्हस्कूनं घोंगडी काढली, ओढ्यात बुडवून आणली आणि म्हणाला की थंडीला चालते, पावसाला चालते, मग याला का नाही चालणार. त्यानं स्वतःच ती रोपावर पसरली. काही बिघडलं तर थांबायचा हात दाखवायला म्हणून दादाभाऊनं त्यालाच लांब उभं केलं.

अण्णांच्या कपाळाला आठी पडली होती.

मिल्ट्रीनं हळू हळू ताण घेतला. रोप चिखलातून वर उठला, तसा घोंगडीचा एक पदर घसरून खाली लोंबला. पप्पूची चाकं फिरायला लागली आणि चिखलाचे फटकारे थेट घोंगडीवर बसू लागले. सकाळी जिच्यावर महाराज उभे होते तिच्यावर. अण्णा बांधावरून उतरले. दादाभाऊनं आरशात पाहिलं असेल का, माहीत नाही. आरशावर पाणी होतं. पप्पूपुढं उघडं बॉनेट. म्हस्कूनं हात वर केला, ओरडला. दोन इंजिनांच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? अण्णांनी वाकून घोंगडी ओढून घेतली, छातीशी धरली आणि ते वळले.

त्याच वेळी वेल्डिंग सुटलं.

हूक रोपासकट आला तो अण्णांच्या डाव्या पायावर, गुडघ्याच्या खाली. ते पडले, पण घोंगडी त्यांनी सोडली नाही. दादाभाऊ धावत आला आणि वडिलांना पाहून खालीच बसला. मग उठला, धोतर फाडून पाय बांधला आणि मिल्ट्रीत घालून मंचरला नेलं. तिथून पुण्याला. पाय काढावा लागला.

घरी आणल्यावर अण्णा भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. सुनेनं, नंदानं, भरवलं तर दोन घास. वीणा उभ्या माणसाची; आता आपण कुठले, एवढं एकदा बोलले, मग तेही नाही. दादाभाऊनं मिल्ट्रीवर ताडपत्री टाकली. कुणाचा निरोप आला तर तो जायचा नाही.

मग कुशाबा महाराज भेटायला आले. म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन रडले. त्यांचं रडणं खोटं नव्हतं, हे मी देवाशपथ सांगतो. आणि पुढच्याच महिन्यात घोडेगावच्या कीर्तनात त्यांनी दृष्टांत दिला. एका भक्ताचा. संत जिच्यावर उभे राहिले ती घोंगडी चिखलात पडली, सगळे बघत राहिले आणि एकटा भक्त धावला. पाय दिला, घोंगडी दिली नाही. मंडपात बाया हुंदके देऊन रडल्या. मीही टाळ खाली ठेवून डोळे पुसले. कीर्तनात असंच होतं. आपण बघितलेलं मागं पडतं आणि ऐकलेलं खरं वाटायला लागतं.

दृष्टांत गावोगाव गेला. माणसं शिनोलीला यायला लागली. अण्णांच्या तुटक्या पायावर डोकं ठेवायची, हळद-कुंकू वाहायची. अण्णा उठून बसले. जेवायला लागले. नंदा सांगायची की आता भाकरीवर ठेचा मागतात. घरात पुन्हा अण्णांचा आवाज आला, याचा आनंद दादाभाऊला झाला नाही असं कसं म्हणू?

पण पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्या कानावर वेगळंच यायला लागलं. लोकांच्या हाकेनं त्यानं ताडपत्री काढली होती आणि पुन्हा गाड्या ओढायला जात होता. जाईल तिथं माणसं रोपाजवळ गोळा. लांब व्हा म्हटलं तर हसायची. जत्रेत देवाच्या रथाचा दोर धरतात तसे ताणलेल्या रोपाला हात लावून उभी राहायची. सावळाराम अण्णानं पाय दिला, आमी हात दिला तर काय बिघडलं, असं त्याला तोंडावर ऐकवायची. एकदा त्यानं रोपावर टाकलेलं पोतं कुणीतरी पुण्य म्हणून उचललं. त्या दिवशी काही झालं नाही. दादाभाऊ घरी आला आणि जेवला नाही.

तो महाराजांकडं गेला. मी बरोबर होतो. त्यानं हात जोडून सांगितलं की हा दृष्टांत थांबवा, नाहीतर यात कुणाचा तरी जीव जाईल.

"दादाभाऊ," ते म्हणाले, "त्या म्हाताऱ्यापाशी आता तेवढंच राहिलंय. ते मी कसं काढून घेऊ? अण्णांनी सांगावं. त्या दिवसापासून माझ्या तोंडून निघायचं नाही."

बापाला विचारायला दादाभाऊला धीर होईना. जेवताना एकदा त्यानं विषय काढला. लोकांना सांगाल का, अण्णा, की घोंगडी उचलायला नको होती. अण्णांनी घास ताटात ठेवला.

"म्हंजे माझा पाय फुकट गेला, असं म्हन की."

दादाभाऊनं पुन्हा विचारलं नाही.

श्रावण आला. वाडीच्या सप्ताहाला अण्णांना न्यायचंच, असा गावाचा आग्रह. दादाभाऊनं त्यांना मिल्ट्रीत पुढं बसवलं. मी, भागू मागं. वाडीच्या खालच्या चढाला एक टेम्पो रुतलेला होता आणि ट्रॅक्टर त्याला साखळीनं ओढत होता. दोन्ही बाजूंना सप्ताहाला निघालेली माणसं. दादाभाऊ उतरून पळत गेला. ट्रॅक्टरवाल्याला थांबवलं, साखळीवर पोतं टाकलं, माणसांना हातानं मागं ढकललं. ती मागं व्हायची आणि पुन्हा पुढं. वाडीची लंकाबाई कडेवर नातीला घेऊन साखळीला हात लावून उभी होती. दादाभाऊनं तिला दंडाला धरून बाजूला ओढलं, तशी ती बिघडली.

"तुज्याच बापानं शिकवलंय आमाला. आन आता तूच मागं व्हा म्हनतोस व्हय?"

तेवढ्यात कुणाला तरी मिल्ट्रीत बसलेले अण्णा दिसले. 'सावळाराम अण्णा, सावळाराम अण्णा' असा गलका झाला. माणसं विठ्ठल विठ्ठल करत आणखीच पुढं सरली. लंकाबाईनं नातीचा हात धरून तोही साखळीला लावला. ट्रॅक्टरनं ताण घेतला. साखळी कर्रकर्र वाजली.

टेम्पो निघाला. कुणाला काही झालं नाही. लंकाबाई मिल्ट्रीपाशी आली आणि चिखलाच्या हातानं अण्णांच्या पायाला शिवून नमस्कार केला. नातीलाही करायला लावला. अण्णांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मी मागं बसलो होतो. मला दिसलं, ते तिच्या तळहातावरचा साखळीचा चिखल धोतराच्या सोग्यानं पुसत होते.

काल्याच्या कीर्तनाला त्यांना पुढं मंडपाच्या बांबूशी बसवलं. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात होती. महाराज रंगात आले होते. आम्ही टाळ धरले होते. भक्ती देह बघत नाही, असं म्हणत महाराज त्या दृष्टांताकडं वळले. याच वाटेवरचा भक्त, ते म्हणाले, आज इथंच बसलाय. माणसांनी माना वळवल्या.

"थांबा महाराज."

चालू कीर्तनात कुणी बोलत नाही. मी जन्मात ऐकलं नव्हतं. अण्णांनी बांबूचा आधार घेतला आणि एका पायावर उठायला लागले. दादाभाऊ धावला, पण त्यांनी हातानंच त्याला लांब ठेवलं. कसेबसे उभे राहिले.

"ते तसं न्हवतं," अण्णा म्हणाले. "पोरगं मागं व्हा म्हनत व्हतं. समद्यांनी ऐकलं, मी न्हाई ऐकलं. घोंगडी रोप दाबायला टाकली व्हती. ती मी उचलली म्हनून रोप उसळला. माजी भक्ती न्हवती ती. माजी आडमुठी समजूत व्हती. आन आज ती लंकाबाईची नात..."

टाळ केव्हाच थांबले होते. पखवाजवाल्याचा हात हवेत राहिला होता.

"लांब ऱ्हा," एवढंच मग ते म्हणाले. "गाडी वढत असली की लांब ऱ्हा."

महाराजांनी दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली. थोड्या वेळानं त्यांनी नामाचा गजर सुरू केला. आम्ही टाळ धरले, पण कीर्तन पुन्हा उभं राहिलं नाही. काल्याचा प्रसाद वाटताना लोक अण्णांच्या पुढून जात होते. कुणी वाकलं नाही. लंकाबाई पंगतीत शेजारणीला म्हणाली की आमी उगंच वरीसभर पाया पडत व्हतो. हळू म्हणाली, पण पंगत गप्प होती.

महाराजांनी शब्द पाळला. तो दृष्टांत त्यानंतर त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही. शिनोलीला माणसं यायची थांबली. मी जायचो. अण्णा ओट्यावर बसलेले असत, धोतराचा सोगा तुटक्या पायावर दुमडलेला. वाटेवरून बायका सप्ताहाला, बाजाराला जायच्या आणि सरळ पुढं बघत जायच्या. ठेचा मागणं बंद झालं होतं. नंदा डोळे पुसत सांगायची.

एकदा संध्याकाळी मी बसलो होतो. दादाभाऊ डोंगरातून कुणाची तरी गाडी काढून आला. मिल्ट्रीच्या मागं पोतं, रोप, सगळं चिखलानं भरलेलं. तो ओट्याच्या पायरीवर येऊन बसला, बापाच्या पायापाशी.

"लांब व्हते का रं लोकं?" अण्णांनी विचारलं.

दादाभाऊ खोटं बोलू शकला असता. त्यानं हाताचा चिखल पायरीच्या कडेला पुसला.

"निम्मे व्हते," तो म्हणाला.

अण्णांनी मान हलवली. नंदानं आतून दिवा लावला, तेव्हा ते अजून त्या मोकळ्या वाटेकडंच बघत होते.