मामंजींची चिमणी

उद्यानाच्या फाटकाशी मी बसते. तिकिटं देते, सायकली बाहेर ठेवायला लावते आणि ‘बदकांना पाव घालू नका’ हे वाक्य दिवसभर इतक्यांदा म्हणते की मी ते झोपेतही बडबडते, असं नवरा सांगतो. पूर्वी इथे कौलांचा कारखाना होता. माती काढून काढून जो खड्डा पडला, त्याचं आता तळं झालंय. तळ्यात बदकं आली, काठाला लव्हाळी आली. कारखान्याचं म्हणून एकच उरलं, विटांची उंच चिमणी. तिच्या भट्टीवर माझ्या सासऱ्यांचा उभा जन्म गेला.

मामंजी रोज येऊन तिच्या पायथ्याशी बसतात. तिकीट काढत नाहीत. हटकलं तर म्हणतात, “मी पाहुणा नाही, सूनबाई. मी कामावर आलोय.”

गेल्या महिन्यात पाटी लागली, ‘जुने धुराडे पाडून तेथे फुलपाखरू उद्यान करण्यात येईल.’ मामंजींनी ती मोठ्याने वाचली आणि मान डोलावली. “पाडा एकदाचं. नको तो पसारा.”

“मामंजी, धुराडं म्हणजे तुमची चिमणी.”

कारखान्यात तिला कुणी कधी धुराडं म्हटलंच नव्हतं. त्या दिवसापासून हा माणूस अर्ध्या जेवणावरून उठायला लागला. ‘ती गेल्यावर माझं इथे काय काम?’ म्हणत थोरल्या दिरांकडे परगावी जायची भाषा करू लागला. मामंजींचं तोंड फटकळ आहे, माझ्या हातच्या चहाला त्यांनी आजवर एकदाही बरं म्हटलेलं नाही. पण ते गेले तर घर खायला उठेल, हे मला त्या आठवड्यात चांगलंच कळलं. मग मीच उद्यान खात्याच्या साहेबांना फोन लावून दिला.

साहेब नवीन होते आणि शुद्ध बोलण्याचे भोक्ते. मोबाइललाही भ्रमणध्वनी म्हणायचे.

“साहेब, आमची चिमणी वाचवा!” मामंजी ओरडले. फोनवर ते असेच ओरडतात, भट्टीची सवय.

साहेबही पलीकडून तितक्याच जोरात बोलले. “काका, अशी माणसं आहेत म्हणून निसर्ग टिकून आहे! गुरुवारी येतोच.”

‘निसर्ग’ मला जरा खटकला, पण साहेब लोक काहीही बोलतात.

मामंजी मात्र कामाला लागले. साहेब येणार म्हणजे चिमणी नीटनेटकी दिसायला हवी. घमेलं आणि थापी घेऊन त्यांनी हात पोचेल तिथली एकेक फट बुजवली. “भोक राहिलं की ओढ तुटते, धूर वर चढत नाही,” हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. गुरुवारी सकाळी स्टुलावर चढून त्यांनी शेवटचं भोक लिंपलं.

साहेब आले ते चार माणसं आणि एक फोटोग्राफर घेऊन. चिमणीखालीच उभे राहिले. “मी सर्वांसमोर शब्द देतो, या उद्यानातली चिमणी कोणीही हलवणार नाही!”

टाळ्या पडल्या. मामंजींच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यांनी साहेबांचे हात घट्ट धरले.

“किती जीव हो तुमचा चिमणीवर!” साहेब म्हणाले. “कधीपासून सांभाळताय?”

“लग्नाच्या आधीपासून. रोज पहाटे तिच्या पोटात आग घालायचो.”

साहेबांनी हात सोडवून घेतले.

“वर्षातून एकदा आत उतरून खरवडून काढायचो.”

“चिमणीला?”

“मग? काजळी धरते ना!”

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. शेवटी मीच पुढे झाले. “साहेब, ते हिच्याबद्दल बोलतायत,” म्हटलं आणि वर बोट दाखवलं.

साहेबांनी वर पाहिलं. “हे धुराडे आहे,” ते म्हणाले. “मी पक्ष्याबद्दल शब्द दिला.”

मामंजींचा चेहरा खाडकन उतरला. “शब्द चिमणीचाच दिलात ना साहेब? आम्ही हिलाच चिमणी म्हणतो,” मी म्हटलं.

“बाई, मी शब्द फिरवत नाही. पण चिमणी आहे कुठे? बदकं दिसतात, कावळे दिसतात. एक तरी चिमणी दाखवा.”

तेवढ्यात आमच्या डोक्यावर चिवचिवाट झाला. चोचीत काडी धरून एक चिमणी ओल्या लिंपणाला लटकत होती, घसरत होती, पुन्हा येऊन चिकटत होती.

“मामंजी, भोक!”

“कुठलं भोक? एकही ठेवलं नाही मी.”

“तेच तर!”

मामंजींनी वर पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. ते स्टुलावर चढले. स्टूल साहेबांनी धरलं. मामंजींनी थापी उचलली खरी, पण हात पुढे जाईना.

“ओढ तुटेल गं.”

“तुटू दे, मामंजी. आता भट्टी कुठे पेटवायचीय?”

मला वाटतं, भट्टी विझलीय हे त्यांनी त्या स्टुलावर उभं असताना पहिल्यांदा मान्य केलं. मग थापी खिशात घातली आणि बोटांनीच ओला गिलावा उकरून काढला. ते खाली उतरायच्या आत चिमणी त्यांच्या कानाजवळून सुर्रकन आत गेली, काडीसकट.

“ठरलं,” साहेब म्हणाले. “चिमणी हलणार नाही.”

“कुठली?” मामंजींनी वरूनच दरडावलं.

“दोन्ही. चिमणी आणि धुराडे.”

“चिमणी आणि चिमणी,” मामंजींनी त्यांना सुधारलं.

फुलपाखरांची बाग आता तळ्याच्या पलीकडे गेली. मामंजी पोटभर जेवतात, माझ्या चहाला नावं ठेवतात आणि दिवसातून दहादा त्या भोकाकडे बघून ‘ओढ पार गेली’ म्हणून कुरकुरतात. काल बघते तर डब्यातला पाव कुस्करून त्या भोकाखाली टाकत होते.

“मामंजी! पाव घालू नका, तुम्हाला निराळं सांगायला हवं का?”

“तो नियम बदकांसाठी. बदकं पाहुणी आहेत,” ते म्हणाले. “ही कामावर आलीय.”