चांगुणेची काच

टँकर यायला तास होता, तरी रेणापूरजवळच्या त्या गावात चावडीपुढं माणूस मावत नव्हतं. जिल्हा नवा झाला होता, विहिरी जुन्याच कोरड्या. पाऊस कुणी अडवलाय, ते आज काचवाले महाराज सांगणार होते.

काचेची पट्टी ते लाकडी चौकटीत पेचानं आवळत, वर अंगठीनं ओंकार गिरवत, बाईचं नाव घेत आणि लांब ‘हाऽऽ’ करून श्वास सोडत. जिची काच फुटेल, तिच्या पापानं पाऊस अडलाय. चार बायांच्या काचा शाबूत राहिल्या. पाचवी विधवा चांगुणेची. श्वास लागला, क्षणभर काही नाही, मग कट्‌कन तडा.

“पाप बोललं,” महाराज म्हणाले. चांगुणेची घागर टँकरच्या रांगेतून काढायचं तिथल्या तिथं ठरलं.

तिच्याकडं आलेली थोरली बहीण भामाबाई निलंग्यात फोटोंना काचा बसवायची. काचेवर काच कापायचा हिरा ओढायचा, चऱ्यावर थुंकीचं बोट फिरवायचं, मग मोडायचं, हे तिचं रोजचं काम. गर्दीत शेजारी उभ्या दोघांना तिनं ही चऱ्याची करामत आहे म्हणून समजावून पाहिलं. तुमचं काम वेगळं, देवाचं वेगळं, म्हणून त्यांनी तिलाच गप्प केलं. भामाबाईचं टाळकं फिरलं.

ती पुढं झाली. चार काचांवर नख फिरवलं, गुळगुळीत. फुटलेल्या तुकड्याच्या कडेला मात्र चरा. चौघींच्या वेळी अंगठीची नुसती कडी फिरली होती, चांगुणेच्या वेळी खडा.

हात लावशील तर भस्म होशील, असं महाराज ओरडले. तिनं पिशवीतला हिरा काढून शाबूत काचेवर ओढला, पेच आवळला आणि सरपंच व्यंकटरावांपुढं चौकट धरली.

“मालक, हाऽऽ करा.”

लाजत त्यांनी श्वास सोडला. कट्.

“आता तुमची घागर काढायची का रांगेतून?”

चावडी हसली. भामाबाई हसली नाही. “काचेला चरा हाय, वर ताण हाय. श्वासातली वाफ चऱ्यात शिरती अन् काचेची पकड सोडवती. पाप न्हाई, वाफ हाय ती.”

महाराज बोचकं आवळू लागले. म्हातारी नागुबाई पुढं सरकली. “भामे, तुज्या हाताला बी गुण हाय की गं. पाऊस कवा पडंल?”

भामाबाईनं कपाळावर हात मारला. मग हिरा नागुबाईच्याच हातात दिला. म्हातारीनं रेघ ओढली, भामाबाईनं पेच आवळला, म्हातारीनं बोळक्या तोंडानं वाफ सोडली. कट्. ती स्वतःच्या बोटांकडं बघत राहिली.

टँकरचा भोंगा वाजला. माफी कुणीच मागितली नाही. नागुबाईनं चांगुणेची घागर उचलून रांगेत आपल्या घागरीपुढं ठेवली, एवढंच.

“पुढचा महाराज आला,” भामाबाई म्हणाली, “तर पाया पडायच्या आधी काचेवर नख फिरवा. एवढं तरी करा, बायांनो.”