सहा कामं करणारा कान

बाबांचा डावा कान कारखान्यातल्या नोकरीतच गेला. उजव्यात एक जुनं यंत्र होतं. ते मधूनच शिट्टी मारायचं, पण ऐकवायचं. मिक्सर, कुत्रा, आई, सगळं सारख्याच जोरात. शिट्टीला वैतागून बाबांनी ते देऊन नवं घेतलं. नवं यंत्र ऐकवतं, फोन घेतं, बातम्या वाचतं, पावलं मोजतं, गोळ्यांची आठवण करतं आणि कानातल्या कानात नाडीही बघतं. हे कळल्यावर डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी बाबांना तपासणंच सोडलं.

यंत्राला सुरुवातीला एकदा घरातला गोंगाट ऐकवायचा होता. मग पुढे ते तो गाळून टाकणार. बाबा शिस्तीचे. त्यांनी मिक्सर लावला, वॉशिंग मशीन लावलं, पंखा पाचवर नेला आणि मधोमध खुर्ची टाकून बसले.

"अहो, रिकामा मिक्सर काय फिरवताय? जळेल तो! कोणी शिकवलं हे? तुम्हाला सांगून काही उपयोग आहे का?"

यंत्राचं शिकून होईपर्यंत आई बोलत होती.

संध्याकाळी घर शांत झालं. बाबांना मिक्सर ऐकू येईना, पंखा ऐकू येईना, आई ऐकू येईना. मी मात्र खणखणीत.

"अगं, रुसलीस का?" बाबांनी विचारलं.

आई तेव्हाही बोलतच होती.

बाबांनी हे फोनवर मित्रांना सांगितलं, तर तिघांनी यंत्राची किंमत विचारली.

दुकानातल्या कानवाल्याने यंत्र उलटसुलट करून पाहिलं. "रिसेट मारला की विसरेल, काकू."

"मग मारा."

"पण नाडीही विसरेल." आणि डॉक्टरांनी तर तंबीच दिली होती, की नाडीची नोंद तुटता कामा नये, पुढची गोळी तिच्यावरच ठरणार.

"मग माझ्यापुरतं पुसा."

"सगळं एकात आहे ना काकू. तेच तर वैशिष्ट्य."

"मग नुसतं ऐकू येणारं एखादं द्या."

"नुसतं?" कानवाल्याला खरंच वाईट वाटलं. "नुसतं आता कोण बनवतं?"

जुनं कधीच भंगारात गेलं होतं.

आईने आवाज बदलून पाहिला. जाड आवाज काढला की बाबांना ऐकू यायचं, पण ते उठून दार उघडायला जायचे. शेवटी मी मध्यस्थ झालो. "आई म्हणतेय, दूध आणा" हे सोपं होतं. "काडीची अक्कल नाही" हे मी जरा सौम्य करायचो.

"सगळं सांग," आई म्हणायची. "गाळायला तो कानातला आहे."

मग आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दुपारी ती मला म्हणाली, "तू जरा बाहेर जा. मला ह्यांच्याशी बोलायचंय."

"कसं?"

"माझं मी बघते."

मी दार अर्धवट लोटून जिन्यात जाऊन उभा राहिलो. आईने खुणेने बाबांना यंत्र काढायला लावलं, ते टेबलावर ठेवलं आणि त्यांच्या कानाशी हातांचा कर्णा केला.

"अहो, मला भीती वाटतेय!"

"काय?"

"भीती वाटतेय! उद्याची! तुम्ही आतपर्यंत याल का?"

"काय?"

वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात आल्या. खालचे मास्तर दार उघडून उभे राहिले. "काय हो, भीती कशाची?" त्यांनी मला विचारलं. सगळ्या इमारतीला ऐकू गेलं होतं. फक्त बाबा राहिले होते.

टेबलावरच्या यंत्राला नाडी सापडेना. बाबा गेले असं समजून त्याने परस्पर ॲम्ब्युलन्स बोलावली.

दोघं स्ट्रेचर घेऊन धापा टाकत वर आले. "गेले कोण?"

"बसलेत आत," मी म्हणालो.

आईचा आवाज आता बसला होता. ती तरीही बाबांच्या कानाला लागून ओरडत होती, आणि बाबा दरवेळी मान पुढे करून म्हणत होते, "काय?"

ॲम्ब्युलन्सवाल्यांपैकी थोरल्याने क्षणभर पाहिलं. टेबलावरचं यंत्र उचललं, शर्टाला पुसलं आणि बाबांच्या कानात बसवलं.

"काका, काकू म्हणतायत त्यांना भीती वाटतेय."

"कशाची?" बाबांनी त्यालाच विचारलं.

त्याने आईकडे बघितलं. उरल्यासुरल्या आवाजात आई त्या अनोळखी माणसाला सगळं पहिल्यापासून सांगू लागली, आणि बाबा तिचा हात धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.