जवळजवळ सगळी मेमरी

दादा गेल्यापासून धाकट्याला काहीच वाटत नव्हतं. भूक लागत होती, झोप येत होती, ऑफिसात सर्व्हर सांभाळायचं काम बिनचूक चाललं होतं. लोक खांद्यावर हात ठेवायचे, तो "हो, हो" म्हणायचा. गडी धीराचा आहे, असं लोकांना वाटे. धीरबीर काही नव्हता, आत नुसता शुकशुकाट होता.

दादाच्या खोलीतला कॉम्प्युटर मात्र अजून घरघरत होता. दादा नेटवरून लांबच्या माणसांशी बुद्धिबळ खेळायचा. एकेका चालीला कित्येक दिवसांची मुदत, आणि कॉम्प्युटरची मदत घ्यायला रीतसर परवानगी. दवाखान्यात जाण्याआधी त्यानं चालू डावावर मशीनला विचार करायला लावून ठेवलं होतं. डावात समोर बोटीवरून निवृत्त झालेला एक कॅप्टन होता. त्याला अजून कुणी काही कळवलं नव्हतं.

"भाऊजी, हा आवाज आता ऐकवत नाही," वहिनी म्हणाली. "मशीन म्हणतंय ती चाल पाठवा आणि बंद करा. त्यांनी लावलेलं आहे ते. निदान एवढी चाल त्यांची जाऊ दे."

धाकटा खुर्चीत बसला आणि त्यानं कपाळाला हात लावला. तपासून झालेल्या पटावरच्या स्थिती पुन्हा तपासाव्या लागू नयेत म्हणून प्रोग्राम त्या मेमरीत साठवतो. त्यासाठी दादानं जवळजवळ सगळी मेमरी देऊन टाकली होती. मशीनला स्वतःला श्वास घ्यायला जागा नाही. ते बिचारं सगळं डिस्कवर टाकत नि परत उचलत बसलं होतं. मेमरीच्या या आकड्यावरून दोघा भावांची कितीदा जुंपली होती.

"अर्ध्यावर आण दादा, पळेल बघ."

"जास्त मेमरी म्हणजे जास्त विचार. तुला बुद्धिबळातलं काय कळतं?"

"मेमरीतलं कळतं ना."

"मग जा, तुझ्या सर्व्हरला शिकव."

दादा हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाचंही ऐकत नसे.

सवयीनं हात गेला. धाकट्यानं प्रोग्राम थांबवला, आकडा अर्ध्यावर आणला, पुन्हा सुरू केला. डिस्कचा दिवा शांत झाला, घरघर थांबली. आणि मग त्याच्या लक्षात आलं. आकडा बदलला की प्रोग्राम साठवलेलं सगळं पुसतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. ऑफिसात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यानं त्याची बिनपाण्यानं केली असती. कोणती चाल वर दिसत होती, तेही त्यानं पाहिलं नव्हतं. सगळं लक्ष मेमरीच्या आकड्यावर.

आवाज थांबला म्हणून वहिनी दारात आली. "बंद केलंत?"

"नाही. आता नीट चाललंय."

आपला आवाज इतका सपाट कसा, याचंच त्याला नवल वाटलं.

जेवणाआधी मशीननं घोडा मागे घ्यायचं ठरवलं. धाकट्यानं चाल पाठवली.

"गेली त्यांची चाल?" वहिनीनं विचारलं.

"गेली."

ती पलंगाच्या कडेला टेकली. तिच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं, आणि ते बघूनही धाकट्याला काही वाटलं नाही.

थोड्याच वेळात कॅप्टनचा निरोप आला. दादाला तो मास्तर म्हणत असे.

"काय मास्तर, मुदत एवढी बाकी आणि चाल हजर? इतकी वर्षं मला शेवटच्या दिवसापर्यंत ताटकळत ठेवलंत. मेमरी कमी केलीत वाटतं अखेर. तुम्हीच म्हणायचात, धाकट्याचं बरोबर आहे, पण त्याला कळू द्यायचं नाही, डोक्यावर बसेल."

धाकट्यानं ते परत वाचलं. छातीत काहीतरी दुखलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दुखलं.

"वहिनी, ती चाल दादाची नव्हती," तो म्हणाला. "त्याचं सगळं माझ्या हातून पुसलं गेलं."

वहिनी उठून जवळ आली. स्क्रीनवरचा निरोप तिनं सावकाश वाचला.

"यांना कळवायला हवं," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांना मी केले फोन. हे तुम्ही लिहा."

त्यानं लिहिलं, "मी धाकटा. दादा गेला." पुढचं काही त्याला दिसेना.