पायडलवर दुसऱ्याचा पाय

मित्रांनो, लोक मला जुनं शिलाई मशीन म्हणतात. खरं सांगायचं तर मी दमलेलं मशीन आहे. चाक कुरकुरतं, पट्टा सैल पडलाय, अंगावरची सोनेरी नक्षी कधीच पुसून गेली. नवा होतो तेव्हा मला पाहुण्यांना मुद्दाम दाखवत असत. आता काम नसलं की माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात.

माझी मालकीण शिवणकाम करते. सगळी गल्ली तिला मावशी म्हणते. सव्वीस वर्षं ती पायडल मारत आली आणि मी मुकाट्यानं चालत आलो. कुणी मदतीला आलं की ती म्हणायची, "राहू दे, माझं मी बघते."

मग एक दिवस जिन्यावर तिचा पाय घसरला. उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर, तेही सहा आठवडे. पाय सारखा स्टुलावर उचलून ठेवायचा. इकडे तीस मुलांच्या गणवेशाचं कापड कापून पडलेलं आणि शाळा उघडायला तीनच आठवडे. मुख्याध्यापिका बाई घरी आल्या. "जमणार नसेल तर कापड परत न्यावं लागेल हो. मुलं पहिल्या दिवशी काय घालतील?" त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून मावशीला जास्तच लागलं. त्या गेल्यावर ती माझ्यावर डोकं टेकून रडली.

तिचा नवरा नुकताच निवृत्त झालेला बस ड्रायव्हर. तो तिच्या शेजारी तिरका बसला, पायडलवर पाय ठेवला आणि म्हणाला, "तू हात चालव. पाय माझा."

दोन दिवस त्यानं मला उलटंच फिरवलं. दोरे तुटले. मी तर पार वैतागलो. तिसऱ्या दिवशी कापड अडकलं. ते बोटानं सोडवता सोडवता मावशी ओरडली, "थांबा!" आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यानं ब्रेक मारावा तसा पाय गच्च दाबला. मित्रांनो, मला ब्रेक नसतो. दाबलं की मी पळतो. सुई तिच्या बोटात घुसली.

तो पांढराफटक पडला. "माझ्याच्यानं नाही होणार. कापड परत देऊन टाकू."

मावशीनं बोटाला चिंधी गुंडाळली. मग तोच हात तिनं पुन्हा सुईजवळ ठेवला. "अहो, बस नाही ही. थांबा म्हटलं की पाय उचलायचा. बसा."

"आणि पुन्हा चुकलो तर?"

"नाही चुकणार. मारा पायडल."

मी आयुष्यात पुष्कळ टाके घातले, पण असा विश्वास पाहिला नव्हता. त्या दिवशी मीसुद्धा जपून चाललो.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिसाव्या गणवेशाची घडी झाली. मावशी प्लास्टरवरून हात फिरवत म्हणाली, "इतकी वर्षं हा पाय राबला, मी कधी त्याची विचारपूस केली नाही." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही होतात म्हणून झालं हो. खरंच."

त्यानं तो गणवेश उचलून गठ्ठ्यावर ठेवला. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "तीस वर्षं माणसं माझ्या गाडीतून उतरली. असं कुणी बोललं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मावशीनं मला तेल घातलं. दमणूक काही गेली नाही, पण बरं वाटलं. मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. ज्याच्या जिवावर तुमचं चालतं, त्याला ते एकदा तोंडानं सांगा. त्यासाठी प्लास्टर चढायची वाट बघू नका.